ड्वार्फ मिनिएचरचे रंगकाम

टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांसाठी व भूमिका-खेळांसाठी लागणाऱ्या ड्वार्फच्या, म्हणजे बुटक्या योद्ध्यांच्या, छोट्या मूर्ती रंगवण्याचा छंद. ड्वार्फ मूळचे नॉर्स पुराणकथांतले, डोंगराच्या पोटात राहणारे लोहार. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) आणि 'वॉरहॅमर' (१९८३) या खेळांमुळे ते टेबलावर स्थिरावले. २८ मिमी मापात (म्हणजे साधारण माणूस सुमारे २८ मिमी उंच) ड्वार्फ जेमतेम २० मिमी भरतो, पण अंगाने आडवा. आणि समोरून पाहिले तर बरीचशी दाढीच दिसते. त्यामुळे दाढी आणि धातू साधले की मूर्ती साधली. कापडचोपड कसेही निभावते.

तयारी. मूर्ती प्लॅस्टिक, रेझिन किंवा पांढऱ्या धातूची असते. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंट, बाकी दोन्हींना सुपरग्लू. साच्याची शिवण चाकूच्या पात्याने खरवडून काढावी. दाढीवरून गेलेली शिवण राहिली तर पुढे कितीही रंग दिला तरी ती दिसतेच. रेझिन कोरडे घासू नये, भुकटी फुप्फुसात जाते. मूर्ती साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवावी, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग सुटतो.

प्रायमर, म्हणजे रंग धरून राहावा म्हणून आधी द्यायचा थर. नाशिकमध्ये सगळ्यात जास्त मूर्ती याच टप्प्यावर बिघडतात. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत स्प्रे मारला की थर पांढुरका, दाणेदार बसतो. एप्रिल-मेच्या दुपारी उलटे होते: थेंब मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत सुकतात आणि पृष्ठभाग पॉलिशपेपरसारखा खरखरीत होतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर, २०–३० सेंमी अंतरावरून, हात हलता ठेवून पातळ थर द्यावेत. थंडीत डबा आधी कोमट पाण्यात ठेवावा, शेगडीजवळ कधीच नाही. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

चेहरा व दाढी. रंग ॲक्रिलिक, दुधाइतका पातळ. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर. पोस्टर कलर स्वस्त असला तरी घेऊ नये: वॉश (खाचांत उतरून सावली देणारा अगदी पातळ रंग) लावताच तो पुन्हा ओला होऊन वाहतो. आधी चेहरा, मग दाढी, कारण दाढी गालांवर चढलेली असते. नाकाच्या शेंड्यावर त्वचेच्या रंगात किंचित लाल मिसळावा. शिरस्त्राणाखालचे डोळे सावलीत सोडले तरी चालते. वाकडे बुबुळ मात्र सगळ्यांना दिसते.

तांबूस दाढीला विटकरी-नारिंगी पाया द्यावा. त्यावर तपकिरी वॉश. वॉश टोकाशी साचला तर सुकताना चहाच्या कपाखालच्या गोलासारखा डाग पडतो. ओलसर, स्वच्छ ब्रशने तो लगेच टिपावा. वॉश पूर्ण सुकल्यावर ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग. ब्रश कागदावर पुसत राहावे, रंग जवळजवळ दिसेनासा झाला की तो बटांना आडवा फिरवावा. बटांच्या दिशेने फिरवला तर रंग खाचांत उतरतो आणि वॉश वाया जातो. उजळ छटेसाठी पांढरा नको, दाढी गुलाबीसर होते. हस्तिदंती किंवा पिवळा मिसळावा.

धातू. चिलखताला काळा पाया, वर पोलादी रंग, मग काळा वॉश, शेवटी कडांवर चंदेरी. पितळ कसे जुने होते ते पाहायला भांडी बाजारापर्यंतही जायला नको, घरातली समई पुरे: हाताळलेला भाग चकचकीत, कोपऱ्यांत तपकिरी काळपटपणा, अगदी खाचेत हिरवट निळा. चिलखतावर तसेच करावे, हिरवा मात्र चिमूटभरच. धातूरंगाचे पाणी वेगळे ठेवावे, नाहीतर चमकी दाढीत उतरते आणि निघत नाही.

बेस व वार्निश. बेसवर, म्हणजे मूर्तीखालच्या चकतीवर, पातळ फेव्हिकॉल लावून चाळलेली वाळू, जोडीला काळ्या दगडाची एखादी कपची. सह्याद्रीचा बेसाल्ट सरसकट काळा नसतो. ऊनपावसाने तो तपकिरी, गंजट होतो. म्हणून गडद राखाडीवर तपकिरी वॉश द्यावा. मॅट (बिनचमकीचे) वार्निश कोरड्या दिवशीच मारावे. दमट हवेत त्यावर धुके चढले तर घासू नये. कोरड्या हवेत ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा पातळ हात दिल्यावर ते बहुतेक वेळा उतरते, मग पुन्हा मॅट.