तुमच्या गाडीवर चुकीचा अपघात-दावा आला तर

आमच्याकडून गाडीचा विमा उतरवणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी

नोटीस बहुतेक वेळा भरदुपारी येते. घरात आई किंवा सासूबाई असतात, त्या बेलिफाला सही देऊन पाकीट घेतात आणि टीव्हीच्या बाजूला ठेवतात. संध्याकाळी तुम्ही ते उघडता. वर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं नाव, अर्जदार म्हणून कुणी अनोळखी बाई, जाबदेणार (म्हणजे ज्याच्यावर दावा लावलाय तो) नंबर एक म्हणून तुम्ही, आणि खाली अठरा-वीस लाखांची मागणी. तो अपघात तुमच्या गाडीने केलेलाच नाही.

अशा वेळी "आपला काय संबंध" म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकणारे खूप लोक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यातले बहुतेक प्रामाणिकच होते. आपण काही केलं नाही म्हणजे आपल्याला काही होणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण न्यायाधिकरणासमोर तुम्ही गेलाच नाहीत, तर दावा एकतर्फी चालतो. गाडी तुमची नव्हती हे तिथे सांगणारं कुणी उरत नाही. निवाडा झाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करता येते. म्हणून कळकळीने सांगतो, दावा कितीही चुकीचा असो, त्याला मुदतीत लेखी उत्तर द्यायलाच हवं.

एका ग्राहकाची गोष्ट

आमचे एक ग्राहक शिक्षक आहेत, राहतात हडपसरला. त्यांची गाडी चंदेरी रंगाची. त्यांना सोलापूरहून नोटीस आली. अपघात पुणे-सोलापूर रस्त्यावरचा, पण अर्जदाराला स्वतः राहतो त्या ठिकाणीही दावा लावता येतो, म्हणून सोलापूर. सरांनी दोन तारखा चुकवल्या आणि तिसऱ्या तारखेच्या आठवडाभर आधी पाकीट घेऊन आमच्याकडे आले.

टेबलावर कागद पसरून आम्ही एफआयआर सावकाश वाचला. अपघातानंतर नऊ दिवसांनी नोंदवलेला. गाडीचा नंबर ढाब्यावरच्या एका मुलाने फोनवर सांगितलेला. पंचनाम्यात गाडी पांढरी. नंबरच्या मधल्या अक्षरांत 'एम' आणि 'एन' फोनवर सारखेच ऐकू येतात, आणि घोळ तिथेच झाला असावा असं आम्हाला वाटलं. मग सरांना आठवलं की त्या आठवड्यात गाडी क्लचच्या कामाला गॅरेजमध्ये होती. मिस्त्रीकडे जॉब कार्ड निघालं. गाडी आत आली तेव्हाचे किलोमीटर आणि बाहेर गेली तेव्हाचे किलोमीटर, फरक फक्त चारचा. अपघाताची रात्र या दोन तारखांच्या मधली.

तोवर सरांचं म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, दाखल न झाल्याचा आदेश होऊन गेला होता. तो रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज द्यावा लागला, खर्च भरावा लागला. पुढे मिस्त्रीने सोलापूरला जाऊन साक्ष दिली आणि सरांविरुद्धचा दावा फेटाळला गेला. या सगळ्याला अडीच वर्षं लागली. पहिल्याच तारखेला जॉब कार्ड जोडून म्हणणं दिलं असतं, तर निदान तो आदेश रद्द करून घेण्याचा फेरा तरी वाचला असता.

एक गोष्ट आवर्जून लिहितो. ती अर्जदार बाई खोटारडी नव्हती. तिचा नवरा खरंच गेला होता आणि तिच्या हातात जो नंबर पडला त्यावर तिने दावा लावला. समोरच्याला शिव्या घालून तुमची बाजू भक्कम होत नाही. चूक नेमकी कुठे झाली ते दाखवलं तर होते.

पाकीट उघडलं, आता काय

आधी तारीख आणि न्यायाधिकरणाचा गाव बघा. नोटिशीवर सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, असेल, तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरण कुठवर आलंय ते लगेच कळतं. मग दाव्याची पूर्ण प्रत, एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा मिळवा. नुसत्या नोटिशीवरून उत्तर लिहू नका. नंबर, मालिका, गाडीचा प्रकार, रंग, दिवस, वेळ, चालकाचं नाव, कुठल्या बाजूला मार लागला, हे एकेक करून स्वतःच्या आरसी आणि पॉलिसीशी ताडून बघा.

त्याच दिवशी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरच्या आकड्यासकट. बंपरवर जुना ओरखडा असेल तर तो जसा आहे तसा राहू द्या. आत्ता घाईने डेंटिंग-पेंटिंग केलंत तर उद्या तेच तुमच्याविरुद्ध बोलेल.

गाडी दुसरीकडे होती हे दाखवणारे पुरावे अगदी साधे असतात. फास्टॅगचं स्टेटमेंट, गॅरेजचं जॉब कार्ड, पेट्रोलची कार्डावरची पावती, ऑफिसच्या पार्किंगची नोंद, सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर. सीसीटीव्हीचं चित्रण मात्र काही दिवसांतच पुसलं जातं, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी पत्र देऊन ते आधी जपून ठेवायला सांगा. नंबर प्लेट कुणीतरी नकली वापरतंय अशी शंका असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तुमच्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबर प्लेट असेल, तर तिच्यावरचा लेझर क्रमांक त्या तक्रारीत लिहा.

विमा कंपनीला कळवा, पण तिच्यावर सोडून देऊ नका

पॉलिसीच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं की दाव्याबद्दलचं प्रत्येक पत्र, नोटीस, समन्स कंपनीला ताबडतोब लेखी कळवायचं. दुसरी अटही तितकीच महत्त्वाची: कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देतो असंही म्हणायचं नाही. "पन्नास हजारांत मिटवून टाकू" असा फोन आला तर गप्प राहा आणि आम्हाला सांगा. मिटवण्यासाठी दिलेले पैसे पुढे कबुलीसारखे वाचले जातात.

इथे बरेच जण फसतात. कंपनीचा वकील हजर राहतो, मग आपल्याला जायची काय गरज? पण तो वकील कंपनीचा आहे. चालकाकडे योग्य लायसन्स नव्हतं किंवा पॉलिसीची अट मोडली, असं म्हणणं तो मांडू शकतो. ते मान्य झालं तर न्यायाधिकरण कंपनीला सांगतं की अर्जदाराला आधी पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. म्हणजे तुमची गाडी तिथे नव्हतीच हा मुद्दा बाजूलाच राहतो आणि वसुली तुमच्या दारात येते. तुमचं स्वतंत्र लेखी म्हणणं, तुमच्या वकिलामार्फत, दाखल झालंच पाहिजे.

एकतर्फी निवाडा आधीच झाला असेल तरी वाट बंद झालेली नसते. तो रद्द करून घेण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. नोटीस नीट बजावलीच गेली नसेल, तर ती निवाडा कळल्या दिवसापासून मोजतात. उच्च न्यायालयात अपील करायचं तर ९० दिवस, आणि निवाड्याने पैसे भरायला सांगितलेल्या माणसाला २५,००० रुपये किंवा निम्मी रक्कम, यातलं जे कमी ते आधी भरावं लागतं.

आधी पोलिसांचा फोन आला तर

ही खरं तर चांगली संधी. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. त्या सविस्तर अहवालात तुमची गाडी पक्की होण्याआधीच तुमचं म्हणणं कागदावर गेलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकावर बंधनकारक आहे, तेव्हा टाळाटाळ नको. "त्या दिवशी गाडी अमुक ठिकाणी उभी होती, पुरावा सोबत जोडला आहे" एवढं लिहून द्या, पोच घ्या. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासली तर त्या अहवालाची प्रत मागा. गाडीवर धडकेची खूणच नाही असं त्यात आलं, तर तो तुमचा मोठा आधार.

विकलेली गाडी

चुकीच्या वाटणाऱ्या दाव्यांत आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात ते हे. गाडी तीन वर्षांपूर्वी विकली, पैसे घेतले, चावी दिली, एजंट म्हणाला "टीटी मी करतो" (म्हणजे नोंदणीवरचं मालकाचं नाव बदलून घेतो), आणि नाव बदललंच नाही. कायद्याने मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच प्रकरणात निकाल दिला. २००७ साली विकलेली गाडी, पुढे आणखी काही हातांतून गेली, २००९ साली अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर आली. त्यामुळे स्टँपपेपरवरचा करार दाखवून तुम्ही अर्जदारासमोर सुटत नाही. वाईट वाटतं सांगायला, पण आहे हे असं आहे.

विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर फक्त सह्या करून एजंटाच्या हाती देऊ नका. महिन्याभराने परिवहन संकेतस्थळावर नंबर टाकून मालकाचं नाव बदललंय का ते स्वतः बघा. नाव अजून तुमचंच दिसत असेल, तर आजच आमच्याकडे या. यात आम्ही आरटीओच्या कागदपत्रांपुरती मदत करतो.

रस्त्यावरचा धक्का

सिग्नलला घासाघीस झाली, दोघंही निघून गेले, चार दिवसांनी फोन येतो की दरवाजा बदलायचाय. जागेवर काढलेले दोन्ही गाड्यांचे फोटो असतील तर बोलणं दोन मिनिटांत संपतं. नसतील तर म्हणा, "तुमचा दावा लेखी पाठवा, मी विमा कंपनीला देतो." खोटा असेल तो बहुधा तिथेच थांबतो.

नूतनीकरणाच्या वेळी दिसलेला दावा

कधी न्यायाधिकरण नाही, पोलीस नाहीत, फक्त नवा हप्ता अचानक वाढलेला दिसतो. पाच वर्षं दावा न केल्याबद्दल मिळणारी ५० टक्के सवलत शून्यावर आलेली, कारण तुमच्या पॉलिसीवर एक दावा नोंदलाय जो तुम्ही केलेलाच नाही. पॉलिसी नंबर टाईप करताना आकडा चुकतो, किंवा गाडी जुनी घेतलेली असते आणि आधीच्या मालकाचा दावा तुमच्या नावे मोजला जातो. ही सवलत माणसाची असते, गाडीची नव्हे. आधीच्या मालकाने केलेल्या दाव्यामुळे तुमची सवलत जात नाही, आणि त्याची सवलत तुम्हाला मिळतही नाही.

कंपनीकडून दावा क्रमांक, तारीख, गॅरेजचं नाव आणि सर्व्हेअरचा अहवाल लेखी मागा. अहवालातला इंजिन आणि चेसिस क्रमांक तुमच्या आरसीशी जुळला नाही की चूक उघडी पडते. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र द्या. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येतं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. या काळात पॉलिसी संपू देऊ नका. वाढीव हप्ता "हक्क राखून" असं पत्र देऊन भरा, नंतर फरक मागता येतो.

आम्ही विमा सल्लागार आहोत, वकील नाही. न्यायाधिकरणासमोर तुमची बाजू वकीलच मांडतील. पण कागद वाचणं, आरसीशी ताडणं, विमा कंपनीला पत्र लिहून पोच घेणं, हे आम्ही आमच्या ग्राहकांसाठी करतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. येताना पाकीटसुद्धा आणा, फेकू नका. नोटीस कधी निघाली आणि कधी पोचली, ते त्यावरच्या शिक्क्यांवरून कळतं.