दळणातली वीज जाते कुठे? एका जुन्या हिशेबाची पार्श्वभूमी

खनिजे, काच किंवा सिमेंटचे क्लिंकर (भट्टीतून निघणारे, दळून ज्याचे सिमेंट होते ते खडे) यांसारखे कठीण आणि ठिसूळ पदार्थ दळण्यासाठी किती ऊर्जा लागावी, याविषयीचा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६७ मध्ये पीटर फॉन रिटिंगर या ऑस्ट्रियन खाणतज्ज्ञाने असे मांडले की, ही ऊर्जा नव्याने उघड्या पडणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात असते. १८८५ मध्ये फ्रीडरिश किक याने वेगळाच नियम सांगितला: कण मोठा असो वा लहान, त्याचा आकार निम्म्यावर आणायला दर टनामागे सारखीच ऊर्जा लागते. १९५२ मध्ये अमेरिकन अभियंता फ्रेड बाँड याने मधली वाट काढली आणि ऊर्जेचे नाते कणाच्या आकाराच्या वर्गमुळाशी जोडले. पुढे १९६१ मध्ये फिनलंडचा संशोधक हुक्की याने दाखवून दिले की, तिन्ही नियम आपापल्या टप्प्यात बरोबर आहेत. भरड फोडण्याला किकचा, दळण्याला बाँडचा आणि अगदी बारीक पुडीला रिटिंगरचा नियम लागू पडतो. भरडणे, दळणे आणि वस्त्रगाळ करणे ही तीन निराळी कामे आहेत, हे मराठीला मुळात सांगावे लागत नाही.

या सर्वांत टिकली ती बाँडची चाचणी. ३०५ मिलिमीटर व्यासाच्या आणि तितक्याच लांबीच्या पिंपात २८५ पोलादी गोळे आणि नमुना घालून ते मिनिटाला ७० फेऱ्यांनी फिरवायचे, माल चाळायचा, चाळणीवर राहिलेला भाग ताज्या मालाची भर घालून पुन्हा पिंपात टाकायचा आणि दर फेरीमागे तयार होणारी पूड स्थिर होईपर्यंत हेच करत राहायचे, अशी ती पद्धत आहे. तिच्यातून मिळणाऱ्या आकड्यावरून गिरणीची मोटर ठरवता येते. परंतु तो आकडा गोळ्यांची गिरणी किती वीज खाईल एवढेच सांगतो. पदार्थाला मुळात किती हवी होती, हे त्यातून कळत नाही. माझ्या मते या सोयीस्कर मापामुळेच मूळ प्रश्न बराच काळ मागे पडला.

त्या प्रश्नाचा पाया १९२१ मध्येच घातला गेला होता. काचेवरील प्रयोगांवरून ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ याने दाखवले की, ठिसूळ पदार्थ त्याच्यातील सूक्ष्म भेगांपासून तुटतो आणि भेग पुढे सरकण्यासाठी नव्या पृष्ठभागापुरती ऊर्जा मिळावी लागते. कण लहान होत जातो तशा त्यातील मोठ्या भेगा संपतात आणि उरलेला तुकडा अधिक चिवट ठरतो. आता हिशेब पाहावा. एक टन सिमेंटचा पृष्ठभाग सुमारे साडेतीन लाख चौरस मीटर भरतो. दर चौरस मीटरला ढोबळमानाने एक ज्यूल धरला, तर जेमतेम ०.१ युनिट वीज पुरायला हवी. गोळ्यांच्या गिरणीत मात्र साधारण ३० ते ४० युनिट जातात. गोळा गोळ्यावर किंवा गिरणीच्या आतल्या अस्तरावर आपटतो, कण निसटतो, एकाच कणावर गरजेपेक्षा जास्त मार बसतो, आणि उरते ती उष्णता व कानठळ्या बसवणारा आवाज.

जर्मन संशोधक क्लाउस शोनर्ट याने मारण्याऐवजी दाबण्याचा मार्ग धरला. एकमेकांसमोर फिरणाऱ्या दोन रुळांमध्ये (रोलरमध्ये) कणांचा थर सावकाश, प्रचंड दाबाखाली घेतला की कणच कणांना फोडतात. बाहेर पडणारी चकती बोटांनी चुरडते आणि तिच्यात न फुटलेल्या कणांनाही तडे गेलेले असतात. १९८० च्या दशकाच्या मध्यास सिमेंट कारखान्यांनी ही यंत्रे बसवायला सुरुवात केली आणि विजेची बचत लक्षणीय ठरली. धातुखनिजांच्या खाणींनी ती उशिरा स्वीकारली, कारण कठीण खनिजाने रुळांचा पृष्ठभाग लवकर झिजत असे. सिमेंटमध्येही अडचण वेगळ्या बाजूने आली: केवळ दाबून केलेल्या पुडीत कणांचे आकार फार सारखे येतात, ती मिसळताना पाणी जास्त मागते, आणि म्हणून अनेक ठिकाणी शेवटचा हात जुन्या गोळ्यांच्या गिरणीचाच राहिला.