नॉट म्हणजे गाठच!

‘जहाज ताशी वीस नॉट वेगाने निघालं’ असं वाक्य बातम्यांत अधूनमधून दिसतं. त्यातला ‘ताशी’ खोडायला हवा. नॉट हे अंतर नव्हे, वेगच आहे. तास त्याच्या पोटातच असतो. वीस नॉट म्हणजे तासाला वीस सागरी मैल, साधारण ३७ किलोमीटर.

नॉटचा साधा अर्थ गाठ, दोराला मारतात ती. आणि शिडाच्या जहाजांवर वेग खरोखरच गाठी मोजून काढत. पाव वर्तुळाच्या आकाराची एक लाकडी फळी असे. पाण्यात ती उभी तरंगावी म्हणून गोल कडेला शिसं बसवलेलं. खलाशी ती जहाजाच्या मागून पाण्यात सोडी. फळी पाण्याला अडून जवळजवळ जागीच राही, जहाज पुढे सरके आणि रिळावरचा दोर सरसर सुटू लागे. सुरुवातीचा दोर हिशेबात धरत नसत. जहाजामागच्या खळबळीतून फळी बाहेर पडायला तेवढी ढील लागे. मग खुणेची चिंधी हातातून गेली की जोडीदार वाळूचं घड्याळ उलटं करी. वाळू संपताक्षणी दोर गच्च धरायचा. तोवर बोटांखालून गेल्या असतील तितक्या गाठी, तितके नॉट.

खरी हुशारी आहे ती दोन गाठींमधल्या अंतरात. वाळू २८ सेकंदांची आणि तासाचे सेकंद ३६००. २८ सेकंद हा तासाचा जेवढा हिस्सा, तेवढाच हिस्सा सागरी मैलाचा घेतला की १४.४ मीटर येतात. जुन्या मापात ४७ फूट ३ इंच. गणित दोराला गाठी मारतानाच उरकलेलं! खलाशाला फक्त मोजता आलं की झालं.

त्या फळीला म्हणत लॉग, म्हणजे ओंडका. तिच्या नोंदींची वही ती लॉगबुक. संगणकावरचं ‘लॉग इन’ हे त्याच ओंडक्याचं पणतवंड.

आता गाठी गेल्या, नॉट मात्र टिकला, तो सागरी मैलामुळे. अक्षांशाच्या एका मिनिटाचं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचं, अंतर म्हणजे एक सागरी मैल. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने हे अंतर विषुववृत्तापाशी सुमारे १८४३ मीटर, तर ध्रुवांपाशी १८६२ मीटर भरतं. म्हणून १९२९ मध्ये मोनॅकोच्या परिषदेत सरळ १८५२ मीटर ठरवून टाकलं. बारा नॉटने पाच तास उत्तरेला गेलात, तर साठ मिनिटं, म्हणजे नकाशावर जवळजवळ एक अंश वर. किलोमीटरमध्ये हे इतकं सोपं नाही. विमानांचा वेगही नॉटमध्येच सांगतात. हवामानाच्या नकाशावर वाऱ्याच्या बाणाला पिसं दिसतात, त्यातलं पूर्ण पीस १० नॉटचं, अर्धं ५ चं आणि भरीव त्रिकोण ५० चा.

फळीच्या मापात एक खोट होती. ती वेग सांगे तो पाण्याच्या तुलनेत, जमिनीच्या नव्हे. तीन नॉटच्या प्रवाहात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावरून फळी सोडली, तरी तीन गाठी सुटत. खलाशांनी त्या खोटीचाही उपयोग करून घेतला: प्रवाहाचा वेग मोजायला ते नांगरलेल्या जहाजावरून मुद्दाम फळी टाकत.