क्लेव्हॉर (इंजिन)

क्लेव्हॉर म्हणजे फोर्डच्या ‘विंडसर’ कुळातल्या व्ही-८ ब्लॉकवर (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) ‘क्लीव्हलंड’ कुळातले सिलिंडर हेड (वॉल्व्ह असलेला वरचा भाग) बसवून तयार केलेले इंजिन. विंडसर (कॅनडा) आणि क्लीव्हलंड (अमेरिका) इथल्या कारखान्यांवरून ही नावे पडली. हौशी गॅरेजांत अशी जोडणी अनेकांनी केली, पण सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खुद्द कंपनीचे आहे: मस्टँग गाडीतले १९६९ चे बॉस ३०२ (आकडा इंजिनाच्या क्षमतेचा, घन इंचांत; म्हणजे सुमारे ४.९ लिटर).

ट्रान्स-ॲम या अमेरिकी मोटार शर्यतींत इंजिनाला ५ लिटरची मर्यादा होती. १९६८ मध्ये फोर्डने उतरवलेल्या ‘टनेल पोर्ट’ ३०२ इंजिनात हवेचा मार्ग सरळ ठेवण्यासाठी पुशरॉड (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) चक्क इनटेक पोर्टमधून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेतून, नळीत घालून नेले होते. ती इंजिने वारंवार निकामी झाली आणि चालक मार्क डोनाह्यूच्या शेव्हरोले कमॅरोने १३ पैकी १० शर्यती जिंकल्या. तेव्हा क्लीव्हलंड इंजिनासाठी आखलेले हेड ३०२ च्या ब्लॉकवर आणायचे ठरले.

हे जमले, कारण दोन्ही कुळांत सिलिंडरमधले अंतर आणि हेड-बोल्टची मांडणी सारखी होती. विंडसर हेडमध्ये सगळे वॉल्व्ह एका ओळीत, एकाच कलाने बसतात. क्लीव्हलंडमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह वेगवेगळ्या दिशांना कललेले असतात, त्यामुळे मोठे वॉल्व्ह मावतात आणि इनटेक वॉल्व्ह उघडताना सिलिंडरच्या भिंतीपासून दूर सरकतो. साध्या ३०२ चा इनटेक वॉल्व्ह सुमारे ४५ मिमी व्यासाचा होता, १९६९ च्या बॉसचा ५६.६ मिमी. १०१.६ मिमीच्या बोअरसाठी (सिलिंडरच्या आतल्या व्यासासाठी) हा आकार मोठाच म्हणायचा. १९७० मध्ये तो थोडा कमी केला गेला. एवढ्या रुंद पोर्टांतून इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर हवेला वेग येत नाही, म्हणून शहरातल्या रहदारीत हे इंजिन मंद वाटते. त्याचा खरा जोर वरच्या फेऱ्यांत आहे.

बोल्ट जुळले म्हणजे काम संपले असे समजणाऱ्याला पाणी अडवते. विंडसरमध्ये गरम पाणी हेडमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हेडना हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या जोडभागात) येऊन बाहेर पडते, तर क्लीव्हलंडमध्ये ते हेडमधून पुन्हा ब्लॉकमध्ये उतरते. फोर्डने बॉसच्या हेडचे ओतकामच त्यानुसार बदलले. गॅरेजमध्ये ३५१ क्लीव्हलंडचे हेड चढवणाऱ्याला मात्र हेडच्या तळाचे पाण्याचे भोक बुजवून मॅनिफोल्डच्या बाजूला नवे भोक पाडावे लागते. बुजवणी नीट झाली नाही तर पाणी गॅस्केटपाशी (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलपाशी) वाट शोधते. शिवाय ३०२ च्या ब्लॉकमधले बोल्ट ७/१६ इंचाचे आणि क्लीव्हलंड हेडमधली भोके १/२ इंची बोल्टसाठीची, म्हणून मध्ये बुश (छोटी नळी) घालून हेड नेमके मध्यावर आणावे लागते.

मॅनिफोल्ड, पुशरॉडची लांबी आणि पिस्टन हेही नव्याने ठरवावे लागतात. पिस्टनच्या माथ्यावरचे वॉल्व्हसाठीचे खोलगट कप्पे कललेल्या वॉल्व्हच्या जागी आणि त्याच कलाने हवेत. ते तपासायची पद्धत जुनी आणि भरवशाची: माथ्यावर मळलेल्या मातीची पट्टी ठेवायची, हेड आणि रॉकर (वॉल्व्ह दाबणारे तरफेसारखे भाग) बसवून क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायची, मग हेड उतरवून माती पात्याने कापायची आणि सर्वांत पातळ जागेची जाडी मोजायची. इनटेककडे साधारण २ मिमी आणि एक्झॉस्टकडे २.५ मिमी उरले तर निर्धास्त राहता येते. एक्झॉस्ट वॉल्व्ह जास्त तापून लांबतो, म्हणून त्याला जागा जास्त. ही पायरी टाळणे म्हणजे पहिल्याच जोरदार फेरीत वॉल्व्ह वाकवून घेणे.

ब्लॉकही तसाच ठेवला नव्हता. बॉसमध्ये मधल्या तीन मुख्य बेअरिंगांच्या कॅपना चार-चार बोल्ट, फोर्ज केलेली क्रँकशाफ्ट आणि यांत्रिक टॅपेट (पुशरॉड उचलणारे भाग) होते. हेडमुळे इंजिन जास्त फेऱ्यांवर जाणार, तो ताण खालच्या भागाने सोसायला हवा होता. रस्त्यावरच्या गाडीचा जाहीर जोर २९० अश्वशक्ती, मिनिटाला ५,८०० फेऱ्यांवर. ट्रान्स-ॲमचे १९६९ चे विजेतेपद पुन्हा कमॅरोकडेच गेले. १९७० मध्ये मात्र बड मूर यांच्या संघाच्या मस्टँगने, पार्नेली जोन्स आणि जॉर्ज फॉल्मर चालवत असताना, ते फोर्डला मिळवून दिले.