युद्धोत्तर शिल्लक युद्धसामग्री

मोठे युद्ध संपल्यावर सैन्याला नकोशी झालेली शस्त्रे, वाहने, विमाने, जहाजे, दारूगोळा आणि छावण्यांतील सामान म्हणजे शिल्लक युद्धसामग्री. युद्ध आणखी वर्षभर चालेल असे धरून कारखाने माल काढत असतात आणि शरणागती अचानक येते, त्यामुळे साठा उरतोच. तो सांभाळायला गोदामे, पहारा आणि सुटे भाग लागतात. शिवाय स्वस्त सरकारी माल बाजारात आला तर आपला धंदा बसेल, ही उद्योगांची भीती असते. म्हणूनच चालू स्थितीतील यंत्रेही पुष्कळदा मोडीत निघतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे सर्वांत मोठ्या प्रमाणावर घडले. अमेरिकेने १९४४ मध्येच शिल्लक मालमत्तेचा कायदा केला आणि १९४६ मध्ये विक्रीसाठी वॉर अ‍ॅसेट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन स्थापन केले. अ‍ॅरिझोनातील किंगमन येथे सुमारे ५,५०० विमाने आणून उभी केली होती. त्यांतील बहुतेकांची इंजिने काढून, सांगाडे कापून भट्टीत वितळवले आणि अ‍ॅल्युमिनियमच्या लगडी विकल्या. पॅसिफिकमधील एस्पिरितू सांतो बेटावर ब्रिटिश-फ्रेंच प्रशासनाने अमेरिकी माल विकत घेतला नाही. तेव्हा बुलडोझर, ट्रक आणि क्रेन सरळ समुद्रात लोटण्यात आल्या. ती जागा आज ‘मिलियन डॉलर पॉइंट’ म्हणून ओळखली जाते. दोस्तांच्या ताब्यात आलेल्या १५६ जर्मन पाणबुड्यांपैकी ११६ ब्रिटिश नौदलाने आयर्लंडच्या वायव्येला बुडवल्या.

सगळेच वाया गेले नाही. डाकोटा या लष्करी मालवाहू विमानांवर अनेक देशांची नागरी हवाई वाहतूक उभी राहिली. मनिलात मागे राहिलेल्या जीपांपासून जीपनी ही प्रवासी गाडी तयार झाली. अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीचा आरंभीचा पैसाही परदेशी विकलेल्या शिल्लक मालातूनच आला. भारतातील उदाहरण विशेष सांगण्याजोगे आहे: लेंड-लीज करारातील (मित्रदेशांना युद्धसामग्री पुरवण्याची अमेरिकी योजना) लिबरेटर बॉम्बफेकी विमाने ब्रिटिशांनी जाताना कानपूरला मुद्दाम निकामी करून टाकली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्यांतील सुमारे ४० विमाने पुन्हा उडती केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली.

दारूगोळ्याचा प्रश्न यापेक्षा कितीतरी बिकट आहे, आणि त्याबाबत तेव्हाच्या सरकारांनी केलेली घाई अक्षम्य होती. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधील बोफर्ट्स डाइक या खोल सागरी खंदकात दहा लाख टनांहून अधिक दारूगोळा टाकला गेला. १९९५ मध्ये त्या भागात वायुवाहिनी टाकली जात असताना फॉस्फरसचे आगलावे बॉम्ब किनाऱ्याला लागले. बाल्टिक समुद्रात बोर्नहोम बेटाजवळ रासायनिक अस्त्रे बुडवली आहेत. त्यांतील मस्टर्ड वायू मुळात द्रवरूप. थंड पाण्यात वरून घट्ट होऊन त्याचे चिखलासारखे गोळे बनतात. असा गोळा जाळ्यात आला आणि कोळ्याने हाताने बाजूला केला, तर कातडीवर फोड काही तासांनी उठतात, तोवर त्याला पत्ताही नसतो. समुद्रात कचरा टाकण्यावर १९७२ च्या लंडन कराराने बंधने घातली, पण आधी टाकलेले तिथेच आहे.

लहान शस्त्रे मात्र एका युद्धातून दुसऱ्यात जातात. चेकोस्लोव्हाकियात जर्मन सैन्यासाठी बनलेल्या मॉझर रायफली १९४८ मध्ये इस्रायलकडून लढल्या. नीट तेलपाणी केलेली रायफल अनेक दशके चालते, लपवायला सोपी असते आणि तिच्या मालकीची नोंद क्वचितच टिकते. अल्बानियात १९९७ च्या अराजकात पाच लाखांहून अधिक शस्त्रे कोठारांतून लुटली गेली व त्यांतील बरीच कोसोव्होत पोहोचली. मालीत १९९६ मध्ये टिंबक्टू येथे बंडखोरांची सुमारे ३,००० शस्त्रे जाहीरपणे जाळण्यात आली; २०१२ मध्ये लिबियातून आलेल्या शस्त्रांनिशी बंडखोरांनी तेच शहर घेतले.

नष्ट करण्याचे कामही जोखमीचे आहे. जुन्या गोळ्यांतील प्रणोदक, म्हणजे गोळा पुढे फेकणारी दारू, कालांतराने अस्थिर होते. अल्बानियातील गेर्देत्स येथे २००८ मध्ये कालबाह्य दारूगोळा सुटा करताना स्फोट होऊन २६ जण मरण पावले. पैशाअभावी अनेक देश असा साठा वस्तीलगतच्या कोठारांत तसाच पडू देतात. आफ्रिकेतील काँगो प्रजासत्ताकाच्या ब्राझाव्हिल शहरात २०१२ मध्ये असेच एक कोठार उडाले आणि आजूबाजूच्या वस्तीतील दोनशेहून अधिक माणसे दगावली.