एमआरआयमध्ये मेंदूच्या रचनेचा दोष आणि मूल ऐकत नाही: मुंबईत दाखला, यूडीआयडी आणि इम्प्लांटचा अर्ज

जन्मानंतरच्या ऐकण्याच्या चाचणीच्या कागदावर ‘पास’ लिहिलेलं असतं आणि मूल कुकरच्या शिट्टीलाही वळत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच पालकांची सुरुवात इथूनच होते. ही ओएई चाचणी फक्त आतल्या कानातल्या केसपेशींचा, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींचा, प्रतिसाद बघते. पुढची श्रवणनस बारीक असली किंवा नसलीच, तरी ती पास होऊ शकते. कॉर्पस कॅलोसम (मेंदूच्या दोन बाजू जोडणारा पट्टा) अपुरं, पॉलिमायक्रोजायरिया (मेंदूच्या पृष्ठभागावर जास्तीच्या बारीक वळ्या), मेंदूच्या देठातला दोष असं काही एमआरआयमध्ये निघालं असेल, तर आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का हे बघणारी बेरा चाचणी झाल्याशिवाय कानाचा प्रश्न मिटला असं समजू नका.

बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं. बदलापूरहून येताना ते लोकलमध्ये झोपलं, की टेबलावर टक्क जागं! गाडीत खेळवत आणा. फिट येत असतील तर झोपेचं औषध पाजण्याआधी तसं सांगा.

बेराचा रिपोर्ट हातात आला की दिव्यांगत्वाचा दाखला. २०२१ पासून तो सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवरूनच मिळतो, हाती लिहिलेला चालत नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, तेही तिथूनच. मुलाचं आधार, पत्त्याचा पुरावा, ताजा फोटो एवढं अपलोड करून रुग्णालय निवडायचं. तपासणीच्या दिवशी मूळ कागद, जन्मदाखला, बेरा आणि एमआरआयची फाइल सोबत ठेवा. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त ऱ्हास म्हणजे बहिरेपण, ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणं. योजनांसाठी साधारण ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

इथे एक चूक हमखास होते. फॉर्ममध्ये फक्त ‘श्रवण’ वर टिक केली जाते. मेंदूचा दोष असलेल्या मुलाला सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक दिव्यांगत्वही असू शकतं. तसं असेल तर सगळे प्रकार एकाच अर्जात भरा. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. एक ६० आणि दुसरं ४५ असेल, तर ९० मधून ६० वजा जाता उरलेल्या ३० ला ४५ ने गुणून ९० ने भागायचं, येतात १५, एकूण ७५. यूडीआयडी कार्ड पिवळं (४० ते ७९) की निळं (८० किंवा जास्त) हे त्यावरच ठरतं. लहान मुलाचा दाखला बहुधा तात्पुरता असतो. मुदतीची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा. ऐन शाळाप्रवेशात तो संपल्याचं कळलं, की धावपळ होते.

श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं, श्रवणनसेला संकेत देणारं यंत्र) यांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे आणि तिचं इम्प्लांटचं काम बघणारी अली यावर जंग संस्था वांद्रे रेक्लमेशनलाच आहे. पालकांचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत निम्मी. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला लागतो. उपनगरवाल्यांनी अंधेरी, बोरिवली, कुर्ला यांपैकी आपला तालुका कोणता हे बघून सेतूत अर्ज टाकावा. पगाराची स्लिप दाखवून भागेल या भरवशावर राहू नका. भाषा येण्याआधीपासून बहिरेपण असेल, तर इम्प्लांटला वयाची मर्यादा पाच वर्षं. त्याआधी काही महिने श्रवणयंत्र लावून बघावं लागतं, म्हणजे चौथ्या वाढदिवसानंतर धावायला सुरुवात केली तर उशीर झालाच समजा.

पात्रतेचा खरा निकाल एमआरआय देतो. नुसत्या मेंदूचा नको; आतल्या कानाचे बारीक काप, श्रवणनसेसकट, असं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्यांदा भूल द्यावी लागेल. कॉक्लिआच (आतल्या कानातला शंखासारखा भाग) नसेल तर त्या बाजूला इम्प्लांट बसत नाही. नस नसेल तर बसवून उपयोग नाही. मेंदूत दोष आहे एवढ्यावर मात्र कुणी नाही म्हणत असेल, तर दुसरा सल्ला घ्या. नस शाबूत असलेल्या अशा मुलांनाही इम्प्लांट होतं. बोलणं किती येईल हे बाकीच्या अडचणींवर ठरतं, ते आधीच विचारा. आतल्या कानाची रचना बिघडलेली असेल तर मेंदूज्वराचा धोका वाढतो, म्हणून न्यूमोकोकल लशीची नोंद असलेलं लसीकरण कार्ड फाइलमध्ये हवंच.

निरामय या आरोग्य विम्याचं थोडक्यात: फक्त बहिरेपण असेल तर मिळत नाही, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व कार्डावर असेल तर तो चालवणाऱ्या केंद्राच्या नॅशनल ट्रस्टकडे अर्ज करता येतो, संरक्षण वर्षाला एक लाखापर्यंत. फॉर्ममधली ती दुसरी टिक इथे कामी येते.