डिस्क निळ्या पोर्टात, वेग मात्र जुनाच

शाळेत किंवा गावच्या वाचनालयात रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर लिनक्स चालतं, मुलांचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर असतात. कधी कधी २० जीबी कॉपी करायला अख्खी रात्र जाते, आणि स्क्रीनवर एकही एरर नसते. हा बिघाड म्हणूनच फसवा. यूएसबीत वेग जमला नाही तर काम थांबत नाही, दोन्ही बाजू गुपचूप खालच्या वेगावर राजी होतात.

ही बोलणी जोडताक्षणी, काही मिलिसेकंदांत उरकते. यूएसबी २ चं वेगवान उपकरणसुद्धा आधी सेकंदाला १२ मेगाबिटचं म्हणूनच पुढे येतं. मग कॉम्प्युटर रीसेट देतो, उपकरण किमान १ मिलिसेकंद एक संकेत धरून ठेवतं, त्याला चर्प म्हणतात. समोरून आलटून-पालटून उत्तर येतं. त्यातल्या तीन जोड्या ओळखू आल्या की ४८० पक्के. वायर खराब असेल तर ही हाक-ओ फसते आणि सगळं १२ वर अडकतं. १२ म्हणजे सेकंदाला जेमतेम १ एमबी, २० जीबीला साडेपाच तास. ४८० वर तेच काम साधारण १० मिनिटांचं. लोडशेडिंगमध्ये लाइन किती वेळ राहील याचा भरवसा नसताना हा फरक फार मोठा आहे.

यूएसबी ३ ची, म्हणजे ५००० मेगाबिटची बोलणी वेगळ्याच तारांवर होते. त्यासाठी निळ्या पोर्टात जुन्या चार संपर्कांखेरीज आणखी पाच असतात. ते नीट टेकले नाहीत तर डिस्क ४८० वर चालते.

आधी आकडा बघा. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' लिहून, जागा सोडून 'वजा टी' द्या (lsusb -t). ओळीच्या शेवटी ५०००एम, ४८०एम किंवा १२एम दिसेल. माऊस-कीबोर्डसमोर १२ किंवा १.५ असेल तर ते बरोबरच आहे.

पहिला संशय केबलवर. डिस्कच्या रुंद सॉकेटात मोबाइलची साधी मायक्रो केबल अर्ध्या भागात बसते, डिस्कही सुरू होते, पण पाच तारा नसल्याने ४८० च्या वर जात नाही. मोबाइलच्या बऱ्याच टाइप-सी चार्जिंग केबलींचंही तसंच.

मग पोर्ट. आपल्याकडे कापूस घरात भरला की त्याचे तंतू सगळीकडे उडतात, पोर्टातही जातात. वीज बंद करून टॉर्च मारा, कोरड्या लाकडी काडीने तंतू ओढून काढा. टाचणी नको. डिस्क लावताना पिन एका झटक्यात पूर्ण आत ढकला. हळू सरकवली तर जुने चार संपर्क आधी ओळख उरकून घेतात.

शेवटी वीज. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. शिवाय बारीक, लांब चार्जर केबलचा रोध ०.२ ओहम धरला तर ३ अँपिअरला ०.६ व्होल्ट तिथेच जातात. अ‍ॅडॉप्टरचे ५.१ व्होल्ट बोर्डापर्यंत ४.५ उरतात, आणि ४.६३ च्या खाली पाय व्होल्टेज कमी असल्याची नोंद करतो. 'डीमेसेज' (dmesg) कमांडमध्ये ती नोंद दिसली, की डिस्कला स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) द्या. हब यूएसबी ३ चाच घ्या. जुना लावला तर परत ४८०.